स्वस्त भयपटाची किंमत

साहित्यसंमेलनाच्या मांडवात ज्याच्यावर कधी परिसंवाद होत नाही, पारितोषिकांच्या यादीत ज्याला कधी मानाचे पान मिळत नाही आणि ज्याची आवड सुशिक्षित गृहस्थ चारचौघांत सहसा बोलून दाखवत नाहीत, असा एक चित्रपटप्रकार गेली पन्नासाहून अधिक वर्षे जगाच्या पाठीवर तग धरून आहे. आणि त्याच्यावर जीव टाकणारा निष्ठावंत प्रेक्षकवर्गही त्याने पिढ्यान्‌पिढ्या जोपासला आहे. अत्यल्प भांडवलावर, अनोळखी नटांच्या बळावर आणि उसन्या साधनसामग्रीच्या आधाराने काढलेला भयपट तो हाच. अमेरिकेत त्याच्या केंद्रस्थानी अरण्यात राहणारा, दोन पायांवर चालणारा, केसाळ आणि अजस्र असा एक प्राणी पुष्कळदा असतो व त्याला तिकडे बिगफूट म्हणतात. आपल्याकडे त्याची जागा रामसे बंधूंच्या पडक्या हवेलीतील विद्रूप पिशाच्चाने आणि एका प्रसंगी खुद्द हिमालयातील हिममानवानेही घेतलेली आहे. या चित्रपटांची टवाळी करणे सोपे आहे व ती यथेच्छ झालेलीही आहे. मला मात्र त्यांची कैफियत गंभीरपणे मांडावयाची आहे, कारण प्रेक्षकाच्या कल्पनाशक्तीवर इतका निःशंक विश्वास टाकणारा दुसरा चित्रपटप्रकार माझ्या पाहण्यात नाही, आणि मराठवाड्यातील हिंगोलीसारख्या आडबाजूच्या जिल्ह्याला स्वतःचा चित्रपट काढावयाचा झाल्यास त्याचा मार्ग याच प्रकारातून जातो, असे माझे ठाम मत आहे.

प्रथम या केसाळ प्राण्याचा पूर्ववृत्तान्त पाहू. १९५८ साली उत्तर कॅलिफोर्नियातील एका रस्त्याच्या कामावर मजुरांना मातीत प्रचंड पावलांचे ठसे आढळले, तेथील वृत्तपत्राने ती हकीकत छापली आणि ‘बिगफूट’ हे नाव सर्वतोमुखी झाले. ते काम चालविणारे कंत्राटदार रे वॉलेस २००२ साली निवर्तले, तेव्हा त्यांच्या कुटुंबीयांनी लाकडात कोरलेली पावले जगापुढे आणली आणि ठशांचे गूढ त्यांच्यापुरते तरी उकलले. परंतु दरम्यान, २० ऑक्टोबर १९६७ रोजी, त्याच मुलखातील ब्लफ क्रीक या ओढ्याकाठी रॉजर पॅटरसन आणि बॉब गिमलिन या दोघांनी भाड्याने आणलेल्या कॅमेऱ्यावर जेमतेम मिनिटभराचे एक चित्रण केले होते. एक केसाळ आकृती वाळूतून चालत जाते, चालता चालता मान वळवून कॅमेऱ्याकडे पाहते आणि झाडीत दिसेनाशी होते. त्या आकृतीच्या आत माणूस होता की नव्हता याचा वाद आजही चालू आहे. मात्र पुढील सर्व बिगफूटपटांचे व्याकरण त्या एका मिनिटाने घालून दिले, याविषयी वाद नाही. थरथरणारी चौकट, दूर अंतर, अपुरा प्रकाश आणि क्षणमात्र दर्शन, एवढ्या सामग्रीवर हा सगळा प्रपंच उभा आहे.

पाच वर्षांनी, १९७२ साली, चार्ल्स पिअर्स या जाहिरातीच्या धंद्यातील गृहस्थाने आर्कन्सॉ राज्यातील फोक नावाच्या खेड्यात ‘द लेजेंड ऑफ बॉगी क्रीक’ हा चित्रपट काढला. भांडवल एका मालवाहतूक व्यावसायिकाकडून उसने घेतलेले, खर्च सुमारे एक लाख साठ हजार डॉलर, आणि पडद्यावर त्या खेड्यातील खरीखुरी माणसे, स्वतःच्याच भूमिकेत, आपापल्या अनुभवांची जबानी देत असलेली. त्या चित्रपटाने दोन कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळविले असे सांगितले जाते. त्यातील प्राणी पडद्यावर फार थोडा वेळ दिसतो. दिसते ती दलदल, संध्याकाळी पाण्यावर उतरणारा अंधार, कुत्र्यांचे एकाएकी गप्प होणे आणि दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासून पाहणारी एखादी बाई. पिअर्सला दलदलीचे भाडे भरावे लागले नाही, आणि चित्रपटातील खरे भय पुरविले ते त्या दलदलीनेच.

येथे या प्रकाराचे मर्म सापडते. ज्याच्यापाशी पैसा मुबलक आहे तो राक्षस दाखवितो, आणि ज्याच्यापाशी नाही त्याला तो लपवावा लागतो; कारण भाड्याच्या केसाळ झग्यावर पूर्ण उजेड पडला की शिवण दिसू लागते. म्हणून तो कधी एक हात दाखवितो, कधी चिखलातील पाऊल, कधी वारा नसताना हललेले गवत, आणि उरलेले सर्व काम प्रेक्षकावर सोपवून देतो. प्रेक्षक ते काम आनंदाने करतो. किंबहुना ते काम त्याच्यावर सोपविले गेले, हाच त्याला आपला सन्मान वाटतो. २०१३ सालच्या ‘विलो क्रीक’ या बिगफूटपटात अरण्यातील एका तंबूत बसलेल्या स्त्रीपुरुषांचे एकच अखंड दृश्य जवळजवळ अठरा-एकोणीस मिनिटे चालते. त्यात प्राणी मुळीच दिसत नाही, केवळ बाहेरचे आवाज ऐकू येतात आणि ती दोन माणसे ते ऐकत असतात. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ने १९९९ साली हेच तंत्र पराकोटीला नेले होते, आणि त्याच्या दोघा दिग्दर्शकांपैकी एदुआर्दो सांचेझ याने पुढे २०१४ साली ‘एक्झिस्ट्स’ हा बिगफूटपटच काढला, हा योगायोग मानण्याचे कारण नाही. न दाखविण्याची विद्या ज्याला साधली, त्याला हा प्राणी आपोआप सापडतो.

आता आपल्याकडे वळू. ‘बॉगी क्रीक’ ज्या वर्षी आला त्याच १९७२ साली रामसे कुटुंबाचा ‘दो गज जमीन के नीचे’ प्रदर्शित झाला. फाळणीपूर्वी कराचीत रेडिओचे दुकान चालविणारे फत्तेचंद रामसिंघानी फाळणीनंतर मुंबईस आले, लॅमिंग्टन रस्त्यावर त्यांनी पुन्हा दुकान मांडले आणि चित्रपटनिर्मितीतही हात घातला. ‘रामसे’ हे त्यांच्याच आडनावाचे संक्षिप्त रूप. १९७० साली त्यांनी काढलेला ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा चित्रपट पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर विद्रूप मुखवटा धारण करून एका संग्रहालयात चोरी करतात, असे एक दृश्य होते, आणि चित्रपटाकडे पाठ फिरविणारा प्रेक्षक त्या एका दृश्यासाठी मात्र थिएटरात येतो, हे तुलसी आणि श्याम या मुलांच्या नजरेस आले. अपयशाच्या हिशेबातून नफ्याची एक ओळ उचलून तिच्यावर सबंध धंदा उभारण्याची ही दृष्टी मला असामान्य वाटते. कुटुंब आणि तंत्रज्ञ यांचा काफिला महाबळेश्वरच्या सरकारी विश्रामगृहात जाऊन उतरला आणि सुमारे चाळीस दिवसांत, साडेतीन लाखांच्या आसपास खर्चात, चित्रपट पुरा झाला. लेखन कुमारचे, दिग्दर्शन तुलसी आणि श्याम यांचे, छायाचित्रण गंगूचे, ध्वनी किरणचा, संकलन अर्जुनचे, निर्मितीच्या व्यवस्थेस केशू. सगळी खाती सात भावांतच वाटलेली, आणि स्वयंपाकघर सांभाळावयासही घरचीच माणसे. मोठ्या निर्मात्यांना जो चित्रपट वर्षानुवर्षे लांबणीवर टाकावा लागे, तो या कुटुंबाने पावसाळी धुके आणि एक जुनी वास्तू यांच्या जोरावर हातावेगळा केला.

त्यांची पुढील कामगिरी सर्वश्रुत आहे. १९८४ चा ‘पुराना मंदिर’, १९८८ चा ‘वीराना’, १९८९ चा ‘पुरानी हवेली’, १९९० चा ‘बंद दरवाजा’ आणि १९९३ पासून घराघरांतील दूरचित्रवाणीवर अवतरलेला ‘झी हॉरर शो’. ‘पुराना मंदिर’मधील सामरी हा सैतान ज्यांनी उभा केला ते अनिरुद्ध अग्रवाल हे रुरकीस शिकलेले अभियंते; त्यांची असाधारण उंची आणि चेहऱ्याची ठेवण हीच रामसे यांची सर्वांत मोठी मालमत्ता ठरली. आणि १९९१ साली श्याम व तुलसी यांनी ‘अजूबा कुदरत का’ हा चित्रपट काढला, ज्याचा विषय होता हिमालयातील हिममानव. रामसे यांच्या नामांकित चित्रपटांत त्याची गणना सहसा होत नाही. परंतु भारतीय भूमीवरचा बिगफूटपट कोणता असे कोणी विचारले, तर निर्देश त्याच्याकडेच करावा लागेल. केसाळ झग्यातील माणूस आणि बर्फाचा देखावा यांतून अद्भुत उभे करण्याची ही धडपड अमेरिकेतील दलदलींत आणि घनदाट रानांत चाललेल्या धडपडीची सख्खी बहीण आहे.

हे सारे हिंगोलीस कसे येऊन पोचले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघून जिल्हा झालेला हा प्रदेश निजामाच्या अमदानीत लष्करी छावणीचे ठाणे होता. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही शहरातील वस्त्यांची नावे आजही त्या काळाची साक्ष देतात. कोर्टकचेरीची आणि शाळेची भाषा येथे दीर्घकाळ उर्दू होती, त्यामुळे हिंदी चित्रपटातील शैतान, हवेली, तहखाना, खबरदार हे शब्द येथील निरक्षर म्हातारीलाही परके नव्हते. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला आणि कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत या भागांतील गावांत गणपतीच्या दिवसांत वर्गणी काढून एका रात्रीपुरता व्हीसीआर, रंगीत टीव्ही आणि तीन कॅसेटी भाड्याने आणण्याचा प्रघात पडला. पहिली कॅसेट देवाधर्माची, दुसरी मारामारीची आणि मध्यरात्रीनंतरची तिसरी, बहुधा, रामसे यांची.

तशा एका रात्रीची ‘पुराना मंदिर’ची कॅसेट मला स्पष्ट आठवते. ती इतक्या गावांतून फिरून आलेली होती, आणि सामरीचे तोंड दिसते तो भाग इतक्या वेळा मागे फिरवून पुन्हा लावला गेला होता, की नेमकी तेवढीच फीत झिजून गेली होती. त्या जागी पडद्यावर आडव्या पांढऱ्या रेघा उमटत, आवाज बुडे, चित्र थरथरे. व्हीसीआर चालविणाऱ्या मुलाने आरंभी यंत्र उघडून कोऱ्या नोटेने हेड पुसून पाहिले. पण दोष यंत्रात नव्हता. ज्यांनी आधी कुठेतरी हा चित्रपट पाहिलेला होता त्यांना मात्र ती खूण ठाऊक होती. पहिली पांढरी रेघ दिसताच पुढच्या रांगेतील पोरे गोधडीत शिरली, बायांनी पदर तोंडाशी नेले, मागे उभ्या असलेल्या गड्यांची कुजबूज थांबली, आणि प्रत्यक्ष सामरी आला तेव्हा रेघांच्या गर्दीत त्याचा चेहरा जवळजवळ दिसलाच नाही. तरीही सबंध मांडव दचकला. मग कोणीतरी मोठ्याने हसला, त्याच्या हसण्यात इतर मिसळले, आणि कॅसेट मागे घेण्याची फर्माईश झाली. एखादी कलाकृती लोकांनी प्रेमाने वापरून वापरून झिजविली, याहून तिच्या यशाचे दुसरे प्रमाणपत्र काय द्यावे?

या प्रेक्षकाला अडाणी समजण्याची चूक विद्वानांनी फार केली. त्याला झगा कळत नाही, मुखवटा ओळखता येत नाही, म्हणून तो घाबरतो, अशी त्यांची समजूत दिसते. ती निराधार आहे. हिंगोलीचा दसरा साऱ्या मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. त्याची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे, आणि रामलीला मैदानावर रावणदहनाला पंचक्रोशीतील जनसमुदाय लोटतो. तो रावण बांबूच्या कामट्यांचा, कागदाचा आणि फटाक्यांचा आहे हे तेथे जमलेल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. कित्येकांनी तो बांधला जात असताना पाहिलेला असतो. तरी त्याच्या दहा तोंडांकडे पाहताना छातीत धडधडते आणि तो पेटताना हजारोंच्या मुखातून एकच आरोळी उठते. सोंगी भारुडात गावचाच ओळखीचा माणूस तोंड रंगवून येतो, लळितात आणि दशावतारात राक्षस रंगमंचावरून प्रेक्षकांत उतरतो, तेव्हाही हाच व्यवहार घडत असतो. सोंग हे सोंग आहे हे जाणूनच त्याला मान द्यावयाचा, ही आपल्या लोकरंगभूमीची जुनी सनद आहे. स्वस्त भयपटाचा प्रेक्षक त्याच सनदेचा वारस आहे. त्याची फसवणूक कोणी करीत नाही, तो स्वखुशीने भागीदार होतो.

शास्त्राचा आधार हवा असेल तर तोही आहे. भरताच्या नाट्यशास्त्राने भयानकाला आठ रसांत स्थान दिले, त्याचा वर्ण काळा सांगितला, आणि त्याच्या विभावांची जी यादी दिली तिच्यात विकृत आवाज, भूतादी सत्त्वांचे दर्शन, कोल्हा व घुबड यांच्यापासून वाटणारा त्रास, ओसाड घर आणि अरण्यात जाणे यांचा समावेश केला. ओसाड घर म्हणजे रामसे यांची हवेली, अरण्य म्हणजे बिगफूटचे माहेर, विकृत आवाज म्हणजे ‘विलो क्रीक’चा तो तंबू, दोन हजार वर्षांच्या अंतराने साहित्य तेच राहिले. अभिनवगुप्ताने भयानकाच्या आस्वादाची चर्चा करताना उदाहरण घेतले ते शाकुंतलाच्या पहिल्या अंकातील, रथापुढे जीव घेऊन धावणाऱ्या आणि वारंवार मान वळवून मागे पाहणाऱ्या हरिणाचे. त्या हरिणाचे भय आपले होते, पण आपल्याला इजा करीत नाही. व्यक्तिगत हानीच्या चिंतेपासून सुटलेले भय आस्वाद्य होते. रससिद्धान्ताची परखड चिकित्सा करणारे नरहर कुरुंदकर ज्या मातीत जन्मले व ज्या कुरुंद्याचे नाव त्यांनी आडनावात वागविले, ती माती आज हिंगोली जिल्ह्यात मोडते. त्या जिल्ह्यात तरी भयानक रसाला कोणी खालच्या पंगतीत बसवू नये.

आक्षेप अर्थातच आहेत, आणि ते टाळून पुढे जाणे मला मान्य नाही. पहिला आक्षेप अंधश्रद्धेचा. ज्या महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा अमलात आला, तेथे भुताखेतांच्या चित्रपटांचा कैवार घ्यावा काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच ठरेल. माझे उत्तर असे की, भय दोन जातींचे असते. मे २००१ मध्ये दिल्लीत एका केसाळ ‘काळ्या माकडा’ची अफवा पसरली, पोलिसांनी त्याची रेखाचित्रे काढविली, आणि घाबरून पळताना गच्च्यांवरून पडून माणसे दगावली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवेवरून भिक्षेकरी समाजातील पाच निरपराध जीव जमावाने घेतले. हे भय स्वतःला सत्य म्हणवून येते, त्याला तिकीट नसते आणि त्याचा शेवटही ठरलेला नसतो. चित्रपटाचे भय दारातच आपले नाव सांगते, तीन तासांत आटोपते आणि दिवे लागताच प्रेक्षकाला त्याच्या घरी सुखरूप पोचविते. अंगाऱ्याधुपाऱ्याचा बाजार मांडणारा भोंदू आणि केसाळ झगा शिवणारा कारागीर यांना एकाच आरोपपत्रात गोवणे हा अन्याय होय. हिममानवाचे अवशेष म्हणून जपलेल्या नऊ नमुन्यांची जनुकीय तपासणी २०१७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांतील आठ अस्वलांचे आणि एक कुत्र्याचा निघाला. तरी हिममानवाच्या चित्रपटाचा रसिक दुःखी झाला नाही, कारण तो प्राणिशास्त्राचा दाखला मागण्यासाठी तेथे गेलेलाच नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मी मान्य करतो. रामसे यांच्या चित्रपटांत स्त्रीदेहाचे जे प्रदर्शन आहे ते कथेच्या गरजेपोटी नाही, धंद्याच्या लोभापोटी आहे. विनोदाची ठिगळे कित्येकदा ओंगळ आहेत. आणि भयाचे सावज प्रत्येक वेळी तरुण स्त्रीच असावी, ही रूढी त्यांनी पाश्चात्त्यांकडून जशीच्या तशी उचलली. कमी पैसा हे या दोषांचे निमित्त होऊ शकत नाही, कारण सभ्यतेला भांडवल लागत नाही. या प्रकारावर प्रेम करणाऱ्यांनीच हे सर्वांत आधी व सर्वांत स्पष्ट बोलले पाहिजे.

तिसरा आक्षेप दर्जाचा. आणि येथे मी रसिकांच्या बाजूने उभा राहतो. त्यांना दोष दिसतात, पाठीवरची चेन दिसते, रात्रीच्या दृश्यात सूर्यप्रकाशाची सावली दिसते. पण त्याच जागी त्यांना माणसांचे कष्टही दिसतात. उन्हाळ्यात केसाळ झगा घालून दिवसभर धावलेला तो अनामिक, तासन्‌तास तोंडावर रबराचे थर लावून घेणारा नट, चिखलात झोपून कॅमेरा धरणारा भाऊ, हे सर्व त्या ओबडधोबड चौकटीत जिवंत उपस्थित असतात. कोट्यवधींच्या संगणकी चित्रपटात राक्षस निर्दोष असतो आणि तो निर्माण करणारा माणूस मात्र कुठेच जाणवत नाही. रसिकाचे या चित्रपटांवरील प्रेम हे त्या जाणवणाऱ्या माणसावरचे प्रेम आहे, आणि म्हणूनच ते टिकाऊ आहे.

मराठीत या वाटेने चालण्याची तयारी आता दिसू लागली आहे. नारायण धारपांनी भयकथेला जो वाचक मिळवून दिला त्याच्या नातवंडांनी २०१७ साली ‘लपाछपी’ पाहिला, ज्यात विशाल फुरिया यांनी उसाच्या फडालाच भयाचे मूळ स्थान केले. उभ्या उसात वाट चुकण्याची भीती ज्या शेतकऱ्याच्या पोराने अनुभवली आहे त्याला तेथे राक्षसाची गरजच वाटत नाही, आणि पुढे २०२१ साली हिंदीला तो चित्रपट ‘छोरी’ या नावाने उचलावासा वाटला. आदित्य सरपोतदार यांनी २०२२ साली ‘झोंबिवली’ काढला आणि २०२४ साली कोकणातील मुंज्याला हिंदीच्या बाजारात प्रतिष्ठेने नेऊन बसविले. पैशांच्या दृष्टीने याहून कितीतरी खालच्या पायरीवर मालेगावच्या नासिर शेख यांनी यंत्रमागावर राबणाऱ्या दोस्तांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ उभा केला होता; तेथील मंडळींनी सायकलची ट्रॉली आणि बैलगाडीची क्रेन केली, आणि त्यांची कीर्ती सातासमुद्रापार गेली. साधनांचा अभाव ही सबब त्या दिवशीच निकालात निघाली.

मग हिंगोलीने का मागे राहावे? येथे इसापूर धरणाचे अथांग पाणी आहे, त्यापलीकडे उमरखेडच्या अंगाला पैनगंगेचे अभयारण्य आहे, औंढ्याच्या टेकड्या आहेत, कयाधूचा कोरडा पडणारा पाट आहे आणि वसमतच्या शिवारात हळदीची शेते व उसाची अशी उंच पिके आहेत की ज्यांत शिरलेला माणूस चार पावलांवर दिसेनासा व्हावा. हळद शिजविण्याच्या हंगामात रात्ररात्र कढईशी जागणाऱ्या आणि ज्वारीच्या जागलीला जाणाऱ्या गड्यांनी शिवेवरचा चकवा, झोटिंग, खवीस आणि मुंजा यांच्या ज्या कथा एकमेकांना ऐकविल्या, त्यांचे दप्तर अजून कोणी उघडलेले नाही. पिअर्सने फोक गावच्या माणसांना त्यांच्या स्वतःच्या तोंडून बोलते केले, तसे येथील म्हाताऱ्यांना बोलते करण्यास फार मोठ्या भांडवलाची आवश्यकता नाही; त्यासाठी हातातला फोन, चार जिवाभावाचे मित्र आणि आपल्या मुलखाविषयी आस्था एवढे पुरे आहे.

म्हणून माझ्या काही मागण्या आहेत. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने अभिजात कृतींच्या जोडीने या उपेक्षित, अल्पखर्ची भयपटांच्या प्रतीही आस्थेने शोधून जतन कराव्यात, कारण लोकांनी काय पाहिले याचाही इतिहास असतो आणि झिजलेल्या फिती फार दिवस वाट पाहत नाहीत. मराठी चित्रपटांना अनुदान देताना दर्जा ठरविणाऱ्या समितीने सामाजिक आशयाइतकेच भयानक आणि अद्भुत या रसांनाही मोल द्यावे. हिंगोलीच्या दसरा महोत्सवाच्या चालकांनी आपल्या कार्यक्रमपत्रिकेत एक रात्र जिल्ह्यातील तरुणांनी काढलेल्या लघु भयपटांसाठी राखून ठेवावी. ज्या मैदानावर कागदी रावणाला एवढा मान मिळतो तेथे केसाळ सोंगालाही जागा मिळणे न्यायाचे होईल. आणि जिल्ह्यातील तरुण मित्रांना माझे एवढेच सांगणे आहे की, मुंबईची हवेली आणि अमेरिकेचे रान उसने आणू नका. आपले शिवार दाखवा, स्त्रीची विटंबना करू नका, भोंदूगिरीला खतपाणी घालू नका, राक्षस शक्य तितका झाकून ठेवा आणि प्रेक्षकावर विश्वास टाका. पैसे कमी आहेत म्हणून थांबू नका. येत्या दसऱ्याच्या आधी तुमचा पहिला चित्रपट पुरा करा.